हार्डबोर्ड, भिंत आणि मधली फट

आमच्या गावचं दूध केंद्र बंद पडायची पाळी आली ती एका फटीमुळं, आणि ती फट मी स्वतः चार वेळा बुजवली होती.

गाव ईट या बाजाराच्या गावापासून दोन कोसांवर. दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते आणि घरोघरी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी चावून माणसांचे जबडे दुखत होते. अशात गावाला आधार होता तो सहकारी दूध संस्थेचा. ज्या काही गाई-म्हशी अजून आटल्या नव्हत्या, त्यांचं तांब्याभर दूध बायका सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी आणून घालायच्या. आमच्या घरी अशासाठी, की संस्थेचा सेक्रेटरी मी होतो. (मॅट्रिकच्या परीक्षेला दोनदा बसलेला माणूस गावात मी एकटाच. दोनदा का बसावं लागलं, हे कुणी विचारलं नाही.)

घराच्या पुढच्या सोप्यात एका अंगाला संस्थेचं टेबल आणि दुधाचे कॅन. दुसऱ्या अंगाला आमची म्हैस कमळी. गावात सगळ्यांचीच जनावरं घरात असायची, त्यामुळं यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं ते जिल्ह्याच्या कचेरीला. एक दिवस कागद आला : दूध घेण्याची जागा जनावरांच्या जागेपासून वेगळी पाहिजे. दहा दिवसांनी साहेब तपासायला येतील. तशी नसल्यास केंद्र ईटला हलवण्यात येईल.

मी कागद मोठ्यानं वाचला. आमची मंडळी, म्हणजे शालन, हातातलं काम टाकून ऐकत होती.

"आवं, केंद्र ईटला गेलं तर ह्या उन्हात दूध तितवर न्हेईस्तोवर नासतंय की! बाया काय नासलेलं दूध घेऊन माघारी येत्याल व्हय?"

"मी आहे ना!" मी म्हणालो. "मधे भिंत घालू."

"भितीला पानी?"

हा प्रश्न बरोबर होता. पाणी टँकरनं यायचं आणि ते प्यायलाच पुरत नव्हतं. पण मी बार्शीला एका वकिलाच्या ऑफिसात हार्डबोर्डाचं पार्टिशन बघितलं होतं. पाणी नको, माती नको, गवंडी नको! दुसऱ्याच दिवशी मी बार्शीहून एस. टी.च्या टपावर दोन हार्डबोर्ड घालून आणले. वाटेत वाऱ्यानं ते उडू नयेत म्हणून कंडक्टरनं मलाही टपावरच बसवलं होतं.

रामभाऊ सुतारानं लाकडी चौकट ठोकली, बोर्ड उभे केले. एका बाजूनं बोर्ड खांबाला असे चिकटले, की वा! दुसरी बाजू दगड-मातीच्या जुन्या भिंतीला भिडायची होती. तिथं वरती चार बोटं फट, मधे बोर्ड भिंतीला टेकलेला, आणि खाली पुन्हा एवढी फट की मांजर शेपूट वर करून आरपार जाईल.

"दत्तूभाऊ," रामभाऊ म्हणाला, "फळी सरळ हाय. तुमच्या भितीला प्वाट सुटलंय."

झालं! आमचे वडील, आप्पा, बाजेवरनं उठले.

"माज्या बापानं रचलीया ती भित! इतके पावसाळे काढले तिनं. तुजी फळीच वाकडी आसंल!"

रामभाऊनं ओळंबा सोडून दाखवला. आप्पांनी तो एक डोळा मिटून नीट निरखला आणि निकाल दिला, "वळंबा वाकडा हाय."

रामभाऊनं जाता जाता उपाय सांगितला. भिंतीचं पोट जसं आहे तसं कागदावर उतरून घ्यायचं आणि त्या मापानं बोर्डाची कड करवतीनं कापायची, म्हणजे फळी भिंतीला बरोबर बसते. तो स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, आठ दिवस त्याला सवड नव्हती. मी म्हणालो, "करवत ठेवून जा." माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात अशी कुणाचं तरी हत्यार ठेवून घेण्यातून झाली आहे.

जुनी वर्तमानपत्रं चिकटवून लांब कागद केला. भिंतीला लावून तिचं पोट अगदी हुबेहूब उतरलं. कागद बोर्डावर ठेवला, अर्धा दिवस खपून कापलं, बोर्ड उभा केला. भिंतीला जिथं पोट होतं, तिथं आता बोर्डालाही पोट आलं होतं! दोन ढेरपोटे व्याही लग्नमांडवात गळाभेट घ्यायला जावेत आणि पोटंच आधी भिडावीत, तसं ते दृश्य होतं. वरची आणि खालची फट दुप्पट झाली.

शालननं ते बघितलं, पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "कागुद पालथा धरला व्हता का वं?"

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो.

दुसरा उपाय लाकडी पट्टीचा. फटीवर उभी पट्टी मारायची, की झाकली लाज. पट्टीत खिळा धरला, हातोडी मारली. खिळा लोण्यात जावा तसा मातीत गेला आणि तसाच बाहेर आला. दुसरा मारला, पसाभर माती आली. तिसऱ्या खिळ्याला भिंतीतला एक दगडच बाहेर आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला!

"आरं, आता भितच पाड की सगळी!" आप्पा ओरडले. "मंजी फट ऱ्हायचीच न्हाय!"

तिसरा उपाय खुद्द आप्पांचा : पांढरी माती कालवून लिंपायची. त्यासाठी मी शालनची नजर चुकवून प्यायच्या पाण्याची अर्धी घागर वापरली. (तिनं त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला. तहान लागली की ती माझ्याकडं नुसती बघायची.) माती दिसायला सुरेख बसली. उन्हानं वाळली, आखडली, आणि तिसऱ्या दिवशी सबंध पट्टाच्या पट्टा धप्पदिशी खाली आला. शिवाय ओल लागून हार्डबोर्डाची कड पापडासारखी फुगली, ते वेगळंच.

साहेब यायला आता तीनच दिवस राहिले होते. दूध घालायला आलेल्या पार्वताकाकू फटीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघून म्हणाल्या, "दत्तू, माजं गुडगं दोन कोस चालायचं न्हाईत बाबा. कायबी कर, पर केंद्र हितंच ऱ्हाऊ दे." आतापर्यंत हट्टानं करत होतो, आता भीतीनं करायला लागलो.

आणि त्या भीतीतूनच मला ती कल्पना सुचली. मिलो! त्या ज्वारीचं पीठ शिजवून गार झालं की दगड होतं, हे सगळं गाव रोज दातांनी अनुभवत होतं. शिवाय ती उंदीरसुद्धा खात नाहीत, अशी गावाची खात्री होती. फट बुजवायला याहून चांगला माल मुंबईतसुद्धा मिळाला नसता.

मी पातेलंभर मिलोची खळ शिजवली. आप्पा शेजारी येऊन बसले. निजामाच्या काळात त्यांनी गवंड्याच्या हाताखाली चुना मळला होता.

"गूळ घाल," ते म्हणाले. "तवाचं गवंडी चुन्यात गूळ घालायचं. शंभर वर्सं हालत न्हाय."

गूळ घातला. मातीत भुसकट घालतात म्हणून यात कडब्याचा भुगा घातला. कीड लागू नये म्हणून मूठभर मीठ घातलं. आणि प्यायच्या पाण्याला हात लावायची आता छाती नव्हती, म्हणून भांडी विसळलेलं पाणी घालून सगळं एकजीव केलं.

शालन अबोला विसरून जवळ आली. "ह्याचा वास वळखीचा येतुया वं."

"चांगल्या मालाचा असाच येतो."

"न्हाय, मंजी कुटंतरी रोज घेतल्यावानी..."

"तू तुझं काम बघ!"

ते मिश्रण मी फटीत ठासून भरलं, बोटानं कड गुळगुळीत केली. दोन दिवसांत ते असं कडक झालं की विचारू नका! संस्थेच्या बाजूनं वर खडूची पूड फासली. कमळीच्या बाजूनं फासली नाही, तिकडं कोण बघणार होतं? रामभाऊ मुद्दाम येऊन बोटाच्या पेरानं ठोकून गेला. "च्यायला, दगूड झालाय की!" मी संध्याकाळभर उगीचच गावातून हिंडत होतो.

साहेब सकाळी दुधाच्या वेळीच जीपमधून आले. बायका भांडी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. कमळी दारातून दिसू नये म्हणून मी तिला अगदी कोपऱ्यात, बोर्ड आणि भिंत जिथं भिडतात तिथं, आखूड दाव्यानं बांधली होती. आणि माझं काम साहेबांच्या नजरेत भरावं म्हणून त्यांची खुर्ची अलीकडच्या बाजूनं बरोबर त्याच कोपऱ्यात मांडली होती.

साहेबांनी फटीवरनं हात फिरवला. "छान बसवलंय. काय भरलं यात?"

"देशी मसाला, साहेब. जुन्या पद्धतीचा."

साहेब खूश झाले, रजिस्टर उघडून बसले. तेवढ्यात बोर्डापलीकडून आवाज आला. सर्र... सर्र... सर्र...

"हा कसला आवाज?"

"आमच्या वडिलांना दमा आहे."

आप्पा साहेबांच्या समोरच बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि नाइलाजानं खोकायला सुरुवात केली. पण ते खोकत असतानाही सर्र सर्र चालूच राहिलं. मग खडूची पूड थोडी झडली. मग फटीत एक ओला ठिपका उमटला, तो पसरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तळहाताएवढा देशी मसाला पलीकडं नाहीसा झाला! त्या भोकातून एक लांबलचक, काळसर, खरखरीत जीभ अलीकडं आली आणि अजून कुठं काही शिल्लक आहे का, ते चाचपायला लागली.

मी झटकन तिच्यापुढं पाठ करून उभा राहिलो. जिभेला माझी पाठ सापडली. सदरा घामानं ओला होता, म्हणजे खारट. कमळीला तोही पसंत पडला.

"गेल्या महिन्याचं संकलन सांगा," साहेब म्हणाले.

"सा... साहेब, ही ही... एकूण, ही ही ही..."

"हसण्यासारखं काय आहे त्यात, सेक्रेटरी?"

"दत्तू, सरळ हुबा ऱ्हा की!" आप्पा खोकला थांबवून म्हणाले.

ओळीतल्या बायकांना सगळं दिसत होतं. पार्वताकाकूंनी पदर अख्खा तोंडात कोंबला होता. तेवढ्यात वरच्या फटीतला गूळ कमळीच्या ध्यानात आला असावा. तिनं नाक घातलं, मग कपाळ घातलं, मग जोर लावला. फुगलेली कड कडाडली, खिळे सुटले, मी टेबलाखाली गेलो. धूळ खाली बसली तेव्हा हार्डबोर्डाचा तुकडा गळ्यात अडकवून कमळी साहेबांच्या नाकासमोर उभी होती. तिच्या मिशांना खडूची पूड लागली होती. ती शांतपणे रवंथ करत होती.

साहेबांनी एक पाऊल मागं घेतलं आणि रजिस्टर मिटलं. केंद्र गेलं! आणि माझ्यामुळं गेलं!

शालन डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. "सायेब, केंद्र न्हेऊ नगा. ह्यांनी धा दिस लई खटपट केली. जागा येगळी कराय कापलं, ठोकलं, लिंपलं, शिजिवलं. आता ह्यांचा हातच तसला, त्याला कोन काय करनार?"

(बायको माझी बाजू घेत होती. निदान सुरुवातीला तसं वाटलं.)

साहेबांनी कमळीकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं, दारातून बाहेर बघितलं. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "अहो, पण ही म्हैस बाहेर त्या लिंबाखाली बांधता येत नाही का?"

मी आप्पांकडं बघितलं, आप्पांनी शालनकडं, शालननं माझ्याकडं. आमच्या घरात म्हैस सोप्यात असते, ती बाहेरही असू शकते, हे आमच्यापैकी कुणाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"यील की," आप्पा शेवटी म्हणाले. "त्यात काय?"

शालननं दावं सोडलं, कमळीला लिंबाखाली नेऊन बांधलं. पाणी भरलेला तांब्या रिकामा करायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. साहेबांनी रिकामा सोपा बघितला आणि सही केली. केंद्र गावातच राहिलं. पार्वताकाकूंनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, हात ओला झाला, तो लुगड्याला पुसला आणि तरीही माझ्याकडं बघून हसल्या. इतकं हलकं मला पास झालो त्या वर्षीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कमळीनं रोजच्यापेक्षा शेरभर दूध जास्त दिलं. तेव्हा कुठं शालननं तो वास ओळखला : पीठ, गूळ, मीठ, कडबा आणि खरकटं पाणी. मी खपून म्हशीचं आंबोण शिजवलं होतं आणि ते भिंतीत भरलं होतं! दुसऱ्या दिवशी दारात बायकांची पुन्हा ओळ लागली, पण हातात रिकामी पातेली. "दत्तूभाऊ, ते फटीतलं जरा आमच्या म्हशीलाबी कालवून द्या की!"

पुढं पाऊसपाणी बरं झालं, संस्था वाढली, पक्की इमारत बांधायचं ठरलं. बांधकाम समितीत रामभाऊ आला, आप्पा आले, पार्वताकाकूसुद्धा आल्या. माझंही नाव निघालं, आणि सभेनं एकमतानं, टाळ्यांच्या गजरात, मला पशुखाद्य समितीवर घेतलं.