मिस्त्रींचा कान

जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बसवावं ते मिस्त्रींनीच. नट आवळायचा, किंचित सैल करायचा, चाक फिरवायचं आणि कान लावायचा. चाळीस वर्षं हेच. कुणी शंका काढली, की मिस्त्री खेकसायचे, "कानात बोळे घातलेत का?"

आजही त्यांनी चाक फिरवलं. "वा! जरासुद्धा कुरकुर नाही!"

डबा घेऊन आलेली बायको दारातूनच ओरडली. हल्ली ती का कोण जाणे, ओरडूनच बोलायची. "अहो, थांबवा ते! केवढं करकरतंय!"

मिस्त्रींच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी चाक पुन्हा जोरात फिरवलं, पण नजर मात्र बायकोवर ठेवली. तिने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.