सत्यभामाची मगर

भिलाईत तेव्हा जिकडे बघावं तिकडे मुरूम, ट्रक आणि धूळ. नव्या वस्तीचे सेक्टर नावाला होते. कारखाना अजून उभा होत होता. त्या धुळीत नागपूरकडची एक बाई रोज दुपारी छत्री उघडून तळ्याकाठी मगर बघत बसायची, हे आज सांगितलं तर लोक हसतील. हसोत बापडे!

सत्यभामा रेल्वे फाटकावर वाढलेली, गेटमनची लेक. रुळावर गाय दिसो की पोर, आधी धावत सुटायचं, विचार मागाहून करायचा, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. नवरा जानराव कारखान्याच्या बांधकामाची फिल्म काढायचा. पाया भरला की हजर, चिमणी चढली की हजर. फिल्मचे उरलेसुरले तुकडे साहेब त्याला वापरू देत, आणि ते सगळे हा गडी मगरीवर उधळी.

मगर उठवलेल्या गावच्या तळ्यातली. गाव नव्या वस्तीसाठी उठलं, माणसं गेली, ही मागे राहिली. कातड्यापायी शिकाऱ्यांनी त्या मुलखातल्या मगरी जवळजवळ संपवल्या होत्या. गावची चंपा तेवढी कामावरून जाताना अजून तिला नारळ वाहायची, ‘दाई’, म्हणजे आई, म्हणून हात जोडायची. आणि त्याच तोंडानं सांगायची, की मगर आपलीच पिल्लं खाते. तसं तर सगळेच सांगत.

उन्हाळ्याच्या तोंडावर मगरीनं काठाला खड्डा करून अंडी घातली आणि जानरावच्या डोक्यात भूत शिरलं. पिल्लं निघताना फिल्म काढायचीच. पण तळं बुजवायचं ठरलेलं! सत्यभामा उठली, ती थेट इंजिनिअर कृष्णरावांच्या दारात ठाण मांडून बसली. माणूस भला. पिल्लं निघेपर्यंत थांबतो म्हणाले, पण पाऊस लागायच्या आत मुरूम पडणार म्हणजे पडणार.

जानराव ड्यूटीवर, म्हणून पहारा सत्यभामाकडे आला. मगर उन्हात जबडा उघडा टाकून पडते, ऊन कललं की खड्ड्यावर हनुवटी टेकते, कुत्रं आलं की फुसकारते, हे सगळं तिनं बसल्या जागी टिपलं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला ऐकवायची. शेजारणी तिला मगरीची सासू म्हणू लागल्या. तिला त्याचं काही वाटत नसे. आकाशात ढग दिसला की मात्र ती अंडी घातल्याचे दिवस बोटांवर मोजू लागे.

अखेर एका रविवारी मातीतून चिवचिवाट ऐकू आला. जानरावनं तिपाईवरच्या कॅमेऱ्याला चावी दिली. मगरीनं पुढच्या पायांनी माती उकरली. वीतभर लांबीची, पिवळट पिल्लं वळवळत वर आली. तिनं मान वाकडी केली, जबडा पसरला आणि एक पिल्लू आत घेतलं. मग दुसरं, आणि वळून चालू लागली.

“खाऊन राहिली हो!” सत्यभामा किंचाळली आणि छत्री मिटून धावली. जानराव बायकोला आवरायला तिच्यामागे. कॅमेरा तिथंच, आपला आपण चालू. मगरीच्या नाकाडावर छत्रीचे फटके बसले. एका झटक्यात हात तोडला असता तिनं, पण नाही तोडला. जबडा सैल सोडून पिल्लं खाली ठेवली आणि मागे सरकत पाण्यात गेली.

दोघांनी सगळी पिल्लं बादलीत भरली आणि कारखान्यासाठी बांधलेल्या नव्या जलाशयात नेऊन सोडली. सत्यभामानं गल्लीत गूळ वाटला. मुरुमाचे ट्रक आले तरी मगर काठावर फिरत होती, उकरलेला खड्डा हुंगत होती, घशातून कण्हत होती. मेलीला आता पस्तावा झाला असेल, असं सत्यभामा म्हणाली. पुढे एके सकाळी तळ्यात मगर नव्हती. नाल्याकडे शेपटी घासटत गेल्याची खूण तेवढी होती.

फिल्म मुंबईहून धुऊन आली दिवाळीत. घरात चादर टांगली, प्रोजेक्टर मागून आणला. त्या धावपळीत जे नीट दिसलं नव्हतं, ते चादरीवर हे एवढं मोठं दिसलं. मगरीच्या दातांमधून पिल्लं डोकी बाहेर काढून बघत होती. एकालाही दात लागला नव्हता. बाळंतीण जपून चालावी तशी ती चालत होती. तोंड पाण्याकडे, पाणी दोन पावलांवर. आणि तेवढ्यात बाजूनं छत्री आली.

“पान्यात नेऊन राहिली होती हो ते,” सत्यभामा म्हणाली आणि भिंतीशी जाऊन बसली. दोन दिवस तिला घास गेला नाही.

बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या एका प्राध्यापकांनी ती फिल्म मुलांना दाखवायला मागितली. तळ्यावर तोवर बाजार भरत होता. बायकोला कोणी हसू नये म्हणून जानराव छत्रीचा भाग कापायला बसला. सत्यभामानं त्याचा हात धरला.

“कापू नका,” ती म्हणाली. “जलमभर तिले लेकरंखाऊ म्हनलं लोकाईनं. तिनं काय केलं ते दिसू द्या, अन् मी काय केलं तेबी दिसू द्या.”

जानरावनं कात्री खाली ठेवली.