फ्लक्स धुवायचा राहिला

मी सैन्यात सतरा वर्षं काढली. ट्रेड रेडिओ मेकॅनिक, निवृत्त झालो तेव्हा हुद्दा हवालदार. गाव कडेगाव तालुक्यातलं. आता मिरजेत दवाखान्यांच्या मशीनमधली सर्किट बोर्डं दुरुस्त करतो. बोर्ड चालू झालं तरी मी ते त्याच दिवशी देत नाही. धुणं राहिलंय म्हणतो. लोक हसतात. इलेक्ट्रॉनिक वस्तू धुतात, हे त्यांना पटत नाही.

सोल्डरिंग करताना फ्लक्स लागतो. त्याशिवाय कथील तांब्याला धरत नाही. काम झाल्यावर त्याचा चिकट थर बोर्डावर राहतो. कोरड्या हवेत तो गप्प बसतो. दमट हवेत पाणी धरतो आणि तांब्याच्या दोन रेषांच्या मधून करंट झिरपायला लागतो. तो काढायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचो. फौजेत सगळे त्याला आयपीए म्हणतात.

त्या वर्षी पावसाळ्यात माझी ड्युटी उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका चौकीवर होती. चौदा माणसं. चौकीचे कमांडर नायब सुभेदार साहेब, कऱ्हाडकडचे. बाकी इन्फन्ट्रीचे जवान. बाहेरून जोडलेले आम्ही दोघंच, रेडिओसाठी मी आणि औषधपाण्यासाठी नायक शौकत मुलाणी, नर्सिंग असिस्टंट. मीही तेव्हा नायकच होतो. शौकत वाईजवळच्या खेड्यातला. आमच्या दोघांच्या पेट्या एकाच बंकरमध्ये असायच्या. एका फळीवर त्याच्या बाटल्या, दुसऱ्या फळीवर माझ्या.

आमच्याकडे दोन सेट होते. एक दुरुस्तीला खाली गेला होता. उरलेल्या सेटमधला एक सुटा भाग मी दहा दिवसांपूर्वी बदलला होता. सोल्डरच्या तारेतला फ्लक्स पुरत नव्हता म्हणून डबीतली पेस्ट लावली. ती पेस्ट तिखट असते, धातू खाते, धुतलीच पाहिजे. आयपीएची बाटली उघडली तर तळाला थेंबसुद्धा नव्हता. झाकण मीच सैल ठेवलं होतं, सगळं उडून गेलं होतं. सेट लावून पाहिला. आवाज स्वच्छ. पुढच्या रसदीबरोबर बाटली येईल, तेव्हा धुऊ म्हटलं आणि चार स्क्रू आवळून टाकले.

सकाळी सहा चाळीसला वरच्या कड्यावरून दगड आले. टेलिफोनची लाइन तुटली. पाण्याचे कॅन भरून घेऊन येणारा शिपाई माने दगडांखाली सापडला. शौकतनं त्याला तपासलं आणि साहेबांना सांगितलं, "पोटात मार हाय साहेब. आतनं रक्त जातंय. हेलिकॉप्टर मागवा."

आभाळ मोकळं होतं. त्या दिवसांत नऊच्या सुमाराला ढग खाली उतरायचे.

मी सेट सुरू केला. कंट्रोल, म्हणजे खालचं मुख्य ठाणं, आम्हालाच हाक मारत होतं; चार्ली म्हणजे आमची चौकी.

"चार्ली, धिस इज कंट्रोल. रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

मी बटण दाबून उत्तर दिलं. पुन्हा तीच हाक. पुन्हा उत्तर दिलं. आम्हाला त्यांचं ऐकू येत होतं, आमचं त्यांना जात नव्हतं. बॅटरी बदलली, अँटेना बदलली, माइक बदलला. फरक नाही.

सात दहाला सेट उघडला. मी बदललेल्या भागाभोवती पांढुरका, ओलसर थर होता. मीटर लावला. जिथं करंट अजिबात जायला नको, तिथून जात होता.

साहेब मागं उभे होते. "काय झालंय?"

"फ्लक्स धुवायचा राहिलाय, साहेब. माझ्याकडनं."

त्यांनी शिवी दिली नाही. "आता कशानं धुशील ते सांग," म्हणाले.

दोन जवानांना साहेबांनी निरोप घेऊन खालच्या चौकीकडे पाठवलं. पण ती वाट तीन तासांची. मी चौकीवर जे जे होतं ते पत्र्यावर मांडलं. जनरेटरचं पेट्रोल होतं, त्यात ऑइल मिसळलेलं. पुसलं असतं तर मागं तेलाचा थर राहिला असता. रंगाचा थिनर एका जुन्या बटणाला लावून पाहिला, प्लॅस्टिक मऊ पडलं. बोर्डावरचे निम्मे भाग प्लॅस्टिकचे. हात धुवायचं सॅनिटायझर होतं. त्यात अल्कोहोल असतं, पण ग्लिसरीनही असतं आणि ते ओल धरून ठेवतं. रम कुणीतरी आणून दिली, ती तशीच परत केली.

शौकत मान्याच्या हाताला सलाइन लावून आत आला. "कशाला अडलंय गड्या?"

"आयपीए न्हाई."

तो आपल्या फळीकडे गेला आणि एक खोकं घेऊन आला. इंजेक्शनआधी कातडी पुसायच्या ओल्या बोळ्यांच्या छोट्या पुड्या. पुडीवर लिहिलेलं होतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सत्तर टक्के.

"चालतंय का?"

"चालंल. पानी हाय यात, वाळवाय लागंल. तीसभर तरी लागतील."

खोक्यात चाळीस होत्या. चौकीवर तेवढ्याच होत्या. साहेब म्हणाले, "शौकत, मान्याला लागतील त्या."

"धा मला बास, साहेब. वरनं मदतच न्हाई आली तर पुड्या ठिवून काय करू?"

मी पुड्या फाडून बोळे बोर्डावर पिळले, दात घासायच्या नव्या ब्रशनं घासलं, कोरड्या कापडानं टिपलं. एकदा धुऊन भागत नाही. पहिल्यांदा फ्लक्स विरघळून नुसता पसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघतो. तीन वेळा धुतलं. मग लंगरमध्ये चुलीपासून हातभर लांब धरून बोर्ड वाळवलं. घाई करता येत नव्हती. आत पाणी राहिलं असतं तर सेट कायमचा गेला असता.

आठ पंचावन्नला सेट जोडला.

"कंट्रोल, धिस इज चार्ली. ओव्हर."

"चार्ली, धिस इज कंट्रोल. लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

नऊ वाजता हेलिकॉप्टर निघालं. नऊ वीसला ते आमच्या खालच्या दरीपर्यंत येऊन परत फिरलं. तोवर ढग उतरले होते.

खालून स्ट्रेचर पार्टी निघाली. आमचे चार जण आणि शौकत मान्याला घेऊन दहाला उतरायला लागले. अर्ध्या वाटेवर नाला ओलांडताना पुन्हा दगड आले. शौकत मान्यावर आडवा पडला. दगड त्याच्या मानेवर बसला. अकरा पाचला खालच्या पार्टीनं रेडिओवर कळवलं, "कॅज्युअल्टी सेफ. नर्सिंग असिस्टंट नो मोअर. ओव्हर." तो संदेश मीच घेतला. "रॉजर" म्हणालो आणि वेळ लिहिली.

माने वाचला. त्याच्या लग्नाला मी गेलो होतो.

चौकशी झाली. मी झालं ते सगळं सांगितलं. कागदावर एक ओळ आली, आर्द्रतेमुळे सेटमध्ये तात्पुरता बिघाड. ती ओळ खोटी नव्हती. पण सात दहाला सेट चालला असता तर आठच्या आत हेलिकॉप्टर आलं असतं, आणि त्या वाटेनं कुणीच उतरलं नसतं.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी वाईला उतरून शौकतच्या गावी गेलो. वडील घरापुढे भाता लावून बसले होते. मी ओळख सांगितली. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ते भांड्यांना नवसागर लावून कल्हई करतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला सर्किट बोर्डातलं काय कळणार. आपण सांगून मोकळं व्हायचं. मी सुरुवात केली, "चाचा, वायरलेसमधी आमी कथलाचा डाग देतो, तवा एक मसाला लावतो..."

"नवसागरावानी?"

"व्हय."

"आन् मग त्यो धुवाय लागतो."

"व्हय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू धुतला न्हाईस."

"न्हाई, चाचा."

त्यांनी भट्टीतले विझत आलेले निखारे चिमट्यानं सारखे केले. मग म्हणाले, "माझ्याकडनंबी राहिलंय एक-दोनदा. भांडं हिरवं पडतं. लोक परत आणून देत्यात." पातेलं पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "हे परत आणून द्येता येत न्हाई."

माफी मागायचं ठरवून गेलो होतो, ती मागितली नाही. त्यांनीही माफ केलं, असं म्हटलं नाही. आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

चहा पिताना त्यांनी एकच विचारलं. "त्याचा हात कसा व्हता रं कामात?"

"लय हलका. सुई टोचलेली कळायची न्हाई."

"हात हलका व्हता त्याचा. पर घाई लय. म्हणून मी त्याला भात्यावर बसू दिला न्हाई कवा. घाईनं भांडी जाळली आसती त्यानं. त्या दिशीबी घाईच केली आसंल त्यानं."

मी कप खाली ठेवला. त्या वाटेवरची एक गोष्ट मला त्या चार जवानांनी सांगितली होती, आणि तोवर मी ती कुणाला सांगितली नव्हती.

"न्हाई, चाचा," मी म्हणालो. "त्या दिशी बाकीचे त्याला पाय उचल म्हनत व्हते. पर मान्याच्या हातातली सलाइनची सुई हलू नये म्हणून शौकत सगळ्यांत सावकाश चालत व्हता."