टाइल्सच्या आधीचं माप

शेवटचं कपाट भिंतीत बसत नव्हतं. पावणेदोन इंचांनी अडत होतं.

गोंदियाजवळच्या कुडव्यातलं रहांगडाले काकूंचं घर. ओट्याखालची पाच कपाटं ओळीनं लागायची होती. चार लागली होती. पाचवं माणिकभाऊंनी दोनदा आत सरकवून पाहिलं, मग बाहेर काढून जमिनीवर ठेवलं. टेप काढला, भिंत मोजली, पुन्हा मोजली. काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या बाजूला होते.

माझं गोंदियात मॉड्युलर किचनचं छोटं शोरूम आहे. मी डिझाइन करते आणि बजेट बसवून देते. कपाटं नागपूरच्या फॅक्टरीत मापानुसार तयार होऊन येतात आणि फिटर ती घरी बसवतो. माणिकभाऊ कुमरे माझे सगळ्यात जुने फिटर. मूळचे चिचगडचे, कामासाठी कुडव्यात खोली घेऊन राहायचे. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे.

काकू सरकारी नोकरीत नर्स होत्या, नवेगाव बांधकडच्या आरोग्य केंद्रात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता स्वयंपाकघर नीट करायचं. पहिल्या दिवशीच त्या एक वही घेऊन आल्या होत्या. घरात किती डबे, किती बरण्या, कुकर किती उंच, तांदूळ किती किलो एकदम भरतात, सगळं लिहिलेलं. बजेट अडीच लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोनेक महिन्यांनी त्यांची मुलगी बाळंतपणाला येणार होती. ती येण्याआधी किचन तयार हवं होतं.

असा क्लाएंट मिळणं म्हणजे डिझायनरचं नशीब. आम्ही तीन बैठकांत सगळं ठरवलं. सिंकखाली पाणी गळतं म्हणून तिथं वॉटरप्रूफ प्लाय, बाकी ठिकाणी स्वस्त बोर्ड. वरच्या कपाटांना काचेची दारं काकूंना आवडली होती, ती मीच काढायला लावली. त्या पैशात तांदळासाठी एक मोठा, मजबूत चॅनेलचा, म्हणजे सरकपट्ट्यांचा ड्रॉवर बसला. पंचवीस हजार रुपये अडीअडचणीला बाजूला ठेवा, असंही मी सांगितलं. जुन्या घरात काहीतरी निघतंच.

निघालंही. जुनं प्लास्टर पोकळ झालं होतं. काकूंनी त्या बाजूला ठेवलेल्या पैशातून तिन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत टाइल्स लावायचं ठरवलं. मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, चांगलं होईल.

इथं थोडं समजावून सांगते. टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा मसाला मिळून भिंत जाड होते. जुनी भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी नसेल, तर गवंडी मसाला जास्त भरतो. म्हणून फायनल माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं असतं. शिवाय टोकाला इंच-दोन इंचांची पट्टी सोडतात, तिला फिलर म्हणतात. चूक झाली तर ती पट्टी पोटात घेते. मी माप टाइल्सच्या आधी घेतलं होतं. तांदळाचा ड्रॉवर मोठा करायचा म्हणून फिलर जवळपास काढूनच टाकला होता.

टाइल्सचं काम चालू असताना माणिकभाऊ नळाचे पॉइंट बघायला गेले होते. तिथून त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, टाइल्स लागून राहिल्या. मसाला लय जाड हाय. एकदा माप घेऊन घ्या."

त्या वेळी माझ्यासमोर एक मोठं गिऱ्हाईक बसलं होतं. बंगल्याचं काम होतं. मला उठायचं नव्हतं, बोलणं वाढवायचं नव्हतं.

"माणिकभाऊ, ऑर्डर गेली आता," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ऑर्डर गेली नव्हती. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी मेल केली. मेल करताना मला त्यांचा फोन आठवला होता. कुडवा माझ्या शोरूमपासून गाडीनं दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. पाव-अर्धा इंच इकडे तिकडे होईल, फिटर ओढूनताणून बसवेल, असं मनात म्हटलं आणि सेंडचं बटण दाबलं.

तर त्या दिवशी पाचवं कपाट जमिनीवर ठेवलेलं होतं. फॅक्टरीचं कपाट घरी कापता येत नाही. कापलं की कडेची पट्टी जाते, आतलं सामान बसत नाही. नवीन बनवून आणायला दोन आठवडे लागणार होते. काकूंची मुलगी दहा दिवसांनी येणार होती.

काकूंनी शांतपणे विचारलं, शेवटचं माप कोणी घेतलं होतं?

"फायनल माप फिटर घेतात, काकू," मी म्हटलं.

वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. माणिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून टेप गुंडाळायला लागले. काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, एवढ्या वर्षांच्या माणसानं असं करावं? तरीही त्यांनी फोनचं सांगितलं नाही. काम मी देत होते, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

नवीन कपाट आलं. पाचही कपाटं लागल्याशिवाय वर ओट्याचा दगड बसत नव्हता, म्हणून तोवर काकूंनी व्हरांड्यात स्टुलावर शेगडी ठेवून स्वयंपाक केला. मुलगी आल्यावरही चार दिवस तसंच चाललं. आठव्या महिन्यातली ती पोरगी व्हरांड्यात पाटावर बसून जेवत होती, ते मी पाहिलं. कपाटाचा खर्च मी भरला आणि त्यातले सहा हजार माणिकभाऊंच्या मजुरीतून कापले. कापले नसते तर काकूंना सांगितलेलं खोटं उघडं पडलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. काकूंना ते कळायचं काही कारणच नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत कुडव्यातून तीन कामं आली. तिन्ही काकूंच्या ओळखीतली. किचन त्यांना आवडलं होतं, माझं कौतुकही झालं होतं. पण तिन्ही घरांत एकच अट होती. तो चिचगडचा फिटर नको, तो माप चुकवतो. मी तिन्ही वेळा म्हटलं, दुसरा पाठवते.

माणिकभाऊंचा फोन यायचा. काम हाय का, मॅडम? सध्या नाही, मी म्हणायचे. मग फोन यायचे बंद झाले. एक दिवस बिजागऱ्या घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर दुकानदार सहज म्हणाला, "कुमरे तो कमरा खाली करके गाँव चला गया. यहाँ उसको काम ही नहीं मिल रहा था."

मी बिजागऱ्या न घेताच बाहेर आले. गाडी सुरू केली आणि सरळ काकूंकडे गेले.

काकू नातवाला तेल लावत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माप माझं होतं. माणिकभाऊंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काकूंनी बाळाला नीट गुंडाळून मुलीकडे दिलं, हात पुसले. मला वाटलं, म्हणतील की जाऊ द्या, झालं ते झालं.

"तुम्ही खोटं बोलल्या ते तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण मी ते तीन घरी सांगून आली. त्याचं काय करता?"

त्यांनी चप्पल घातली.

"चला. मी सोबत येते. मी बोलणार नाही, तुम्ही बोला."

आम्ही तिन्ही घरी गेलो. पहिल्या घरी चहा ठेवला होता, तो मी बोलल्यावर कोणी पुढे केला नाही. दुसऱ्या घरच्या बाईंना मला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मी इतकं हळू बोलले की त्यांना ऐकूच आलं नाही. तिसऱ्या घरानं ऑर्डर रद्द केली. काकू प्रत्येक ठिकाणी दाराजवळच्या खुर्चीवर बसून होत्या.

रविवारी मी चिचगडला गेले. माणिकभाऊ घरासमोर कुणाच्या तरी दाराची चौकट जोडत होते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. मी सहा हजारांचं पाकीट पुढे केलं आणि तिन्ही घरी सांगून आल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रंधा बाजूला ठेवला.

"एक विचारू का, मॅडम? मी फोन केला, तेव्हा ऑर्डर गेली होती का?"

एवढं एकच मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही.

"नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी पाठवली."

त्यांनी चौकटीवरचा भुसा हातानं झाडला.

"मी इतके दिवस म्हनत होतो, आपलीच चूक झाली. एक दिवस आधी सांगतो तं ऑर्डर थांबली असती."

आवाजात राग नव्हता. त्यांनी पाकीट बायकोकडे दिलं, रंधा उचलला आणि कामाला लागले. त्यांच्या बायकोनं मला जेवून जा म्हटलं. मी थांबू शकले नाही.

माणिकभाऊ माझ्याकडे परत आले नाहीत. आता ते देवरीतल्या एका दुकानासाठी काम करतात. त्यांचं काम चांगलं आहे, असं ऐकते. काकूंचं किचन अजून छान आहे, ड्रॉवर तांदळाच्या वजनानं वाकलेला नाही.

माझ्या शोरूममध्ये आता मापाचा वेगळा कागद आहे. टाइल्स लागल्यानंतरची तारीख आणि फिटरची सही त्यावर असल्याशिवाय ऑर्डर जात नाही. मापाची चूक त्यानंतर झालेली नाही. फोनवर खोटं बोलायला मात्र कुठलाही कागद अडवत नाही. तेवढं मला स्वतःलाच बघावं लागतं.