कामावरून काढण्याचा तास

धाराशिवला एमबीए करताना मी मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेतला होता. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते; म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. रोज भूमहून एसटीनं यायचे.

माणसाला कामावरून कसं काढायचं, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. ते स्वतः कामगार होऊन समोर बसायचे, आम्ही एकेकानं साहेब व्हायचं. दार लावा, त्याला बसवा, पाणी द्या, मग सांगा. मी दरवेळी पाणी विसरायची, सांगून झाल्यावर आठवायचं. "पाणी आधी, पोरी," ते म्हणायचे. "सांगितल्यावर घशाखाली उतरत न्हाय." सगळा वर्ग खिदळायचा.

मार्चमध्ये तास रंगात आला असताना शिपाई दारात आला. ऑफिसातल्या सगळ्यांनाच खुर्चीतून उठायला जड झालं होतं, म्हणून त्या बिचाऱ्याला पुढं केलेलं. सगळ्या वर्गादेखत, खाली बघत तो म्हणाला, "सर, उद्यापास्नं येऊ नका म्हणून सांगितलंय."

सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि पिशवी आवरायला घेतली. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला तोंडपाठ होतं. तरी पिशवी भरत आली तेव्हा कुठं मी माझी पाण्याची बाटली घेऊन पुढं गेले.

त्यांनी ती हातात घेतली, पण झाकण उघडलं नाही. तशीच माझ्या बाकावर आणून ठेवली.

"आजबी उशीरच केलास," म्हणाले आणि गेले.