घुमटाच्या आतले तारे

अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावच्या मराठी मंडळात गणपतीचं मखर करणारे एक काका आहेत. त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असतं, "लिहून घे." यंदा त्यांनी फोमबोर्डमधून इटलीतल्या सिएनाचं जुनं चर्च उभं करायला घेतलं. काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचे खांब, वर घुमट.

सेक्रेटरी वैतागला. "गणपती चर्चमध्ये? लोक काय म्हणतील यार!"

"सुंदर म्हणतील. लिहून घे."

चार शनिवार मी त्यांच्या गराजमध्ये पट्टे चिकटवले. एखादा केसभर वाकडा गेला, तरी ते अख्खा खांब सोलायला लावत. शेवटी घुमट उलटा ठेवून, आतून निळा रंगवून, ते एकेक सोनेरी तारा काढत बसले.

"अहो काका, आतून कोण बघणार?"

"सिएनाला आहेत, म्हणजे इथेही हवेत. लिहून घे."

मूर्ती ठेवायच्या वेळी नेमका मखरातला दिवा लागेना. सेक्रेटरी वायर बघायला आत शिरून उताणा झाला. दिवा लागला, पण तो बाहेर येईना. गुरुजी घड्याळ बघू लागले.

"थांबा गुरुजी, बघू द्या त्याला," काका म्हणाले. पुढचं शेपूट लावायला मात्र विसरले.