साहेबांचा ताप

मी तेव्हा रोह्याच्या शाळेत शिकवत होते. माझी आत्या पेणजवळ खाडीकाठच्या गावात राहायची. धरमतरच्या खाडीतून कंपनीचे बार्ज धावू लागले, त्यांच्या लाटांनी गावचा बांध फुटून खांड पडली आणि भातशेतीत खारं पाणी शिरलं. आत्याने गावातल्या बायका गोळा केल्या आणि थेट आमदारांचं घर गाठलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून घरचे पोह्याचे पापड नेले.

आमदारांनी पापड दोन्ही हातांनी परत केले. "मतदारांकडून मी पापडसुद्धा घेत नाही," म्हणाले. फोटोवाला हजर होताच. दुसऱ्या दिवशी पेपरात पापड आणि साहेबांचं चारित्र्य शेजारीशेजारी छापून आलं. बांधाचा प्रश्न विधानसभेत मांडायचा शब्दही त्यांनी दिला, आणि तो यादीत लागलाही.

प्रश्न पुकारला गेला तेव्हा साहेब सभागृहात नव्हते. ताप आला होता म्हणे. विचारणाराच गैरहजर, म्हटल्यावर प्रश्न तिथेच बुडाला. आत्याच्या गावचा एक जण कंपनीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकाला होता. त्या दुपारी त्यानेच साहेबांना खाडीतला जिताडा मासा वाढला होता, आणि साहेबांनी तो मागून मागून खाल्ला होता. ताप असा पोटाला मानवणारा! महिन्याभरात बार्जवरचा माल उतरवायचं कंत्राट साहेबांच्या मेव्हण्याला मिळालं.

पुढे आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये सरपंचांसाठी शिबिर भरलं. साहेबांच्या व्याख्यानाचा विषय होता 'लोकप्रतिनिधीचं आचरण'. मी आत्याला कळवलं. ती बायकांना घेऊन एसटीने आली आणि पहिल्या रांगेत बसली. लाच फक्त पैशांची नसते, मोहाला हजार वाटा असतात, असं साहेब बोलत राहिले. इतक्या बारकाव्याने, की अनुभवाचे बोल वाटावेत.

"कुणाला काही विचारायचंय?"

आत्या उठली. "सायेब, ताप उतरला का?"

"कसला ताप?"

"मंग तवा आमचा प्रश्न का बुडवलात? ताप नव्हताच, व्हय?"

साहेबांना एकदम आठवलं. "हां, तो ताप! फार होता हो."

"असंल. आमचा पापड तुमाला नाय चालत, कंपनीचा जिताडा चालतो. यातलं आचरण कुठलं, तेवढं सांगा."

हॉल हसला. काही सरपंच हसले नाहीत. त्यांनाही मेव्हणे असावेत. मुख्याध्यापकांनी घाईघाईने आभार मानले. मी टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल मला मेमो मिळाला.

ही बातमी पेपरात आली आणि पुढच्या अधिवेशनात साहेबांची तब्येत ठणठणीत राहिली. प्रश्न विचारला गेला, बांधाचं काम मंजूर झालं. काम चालू होतं तोवर आत्या आणि बायका पाळीपाळीने तिथे बसून राहिल्या. ठेकेदार वैतागला. "बाई, आमच्यावर भरवसा नाय का?"

"नाय," आत्या म्हणाली, आणि माती पुन्हा चोपून घ्यायला लावली.